नसीबकाकांची दाढी

आमच्या सैदा शहराच्या बाजारात नसीबकाकांनी उभा जन्म लोकांच्या दाढ्या केल्या. दाढी झाली की आमच्याकडे "नईमन!", म्हणजे "सुख लाभो", म्हणतात; तसं ते प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणायचे. स्वतःची दाढी मात्र स्वतःच करायचे, त्यामुळे त्यांना ते कधी कुणी म्हटलंच नाही.

मग उजवा हात लुळा पडला आणि दाढी रानासारखी वाढली. शेवटी वफियाकाकूंनीच वस्तरा उचलला. आधी फुग्याला फेस लावून हात बसवला. दोन फुगे फुटले तेव्हा काका ओरडले, "आता माझा नंबर का?"

"गप्प बसा, नाहीतर ओठ जाईल."

मी शेजारून कॉफी घेऊन गेले, तेव्हा काकांची कुरकुर चालूच होती. "आधी कातडी ताण! वांगं सोलतेस का, बाई?"

काकू हसल्या. फेसाचा ब्रश गालावर गोल गोल फिरत राहिला. हळूहळू काकांची मान मागे कलली, डोळे मिटले, कुरकुर थांबली.

काकूंनी गरम टॉवेलानं चेहरा पुसला. "नईमन," त्या म्हणाल्या.

काका डाव्या हातानं गुळगुळीत गाल चाचपत म्हणाले, "इथं राहिलंय बघ."

काहीच राहिलं नव्हतं. काकूंनी पुन्हा फेस लावला.