मोरीच्या उतारावर

तारापूरला वीज केंद्राचं बांधकाम चालू होतं, तेव्हा मी तिथल्या एका ठेकेदाराकडे सुपरवायझर होतो. चोवीस वर्षांचा, कऱ्हाडकडचा. ठेकेदाराची जुनी जीप एडवणचे एक काका चालवत. पन्नाशीचे, कमी बोलणारे. चाक बदलायचं झालं की त्यांचं सगळं ठरलेलं असे. आधी बाकीच्या चाकांना दगड, मग जॅकखाली फळी. त्यांच्या सावकाशपणाला आम्ही हसायचो.

आषाढात एका दुपारी तार आली. आई अत्यवस्थ, लगेच निघ. पालघरहून संध्याकाळची गाडी मिळाली तरच मुंबईहून पुढची कऱ्हाडकडची गाडी मिळणार होती. काका अर्ध्या जेवणावरून उठले आणि त्यांनी जीप काढली.

बोईसर मागे पडलं आणि ओढ्यावरच्या एका मोरीच्या उतारावर डावं मागचं चाक पंक्चर झालं. पाऊस नुकताच थांबला होता. काका खाली उतरून दगड शोधू लागले. चिखलात दगड कुठे मिळेना.

"काका, दगड राहू द्या. हँडब्रेक ओढलाय ना?"

"मागचा चाक उचलला का हँडब्रेकचा भरवसा नाय, सायेब."

"माझी आई तिकडे मरायला टेकलीय आणि तुम्ही दगड कसले शोधताय!"

 काकांनी दगडांचा शोध सोडला आणि जॅक लावला.

पंक्चर चाक निघालं. काका उकिडवे बसून स्टेपनी बसवायला गेले आणि जीप हलली. वीतभरच पुढे गेली असेल. जॅक आडवा झाला. चाकामागचा ब्रेकचा ड्रम खाली आला आणि त्यांचा उजवा हात ड्रम आणि स्टेपनीच्या मध्ये सापडला. ते ओरडले नाहीत. "सायेब, उचला," एवढंच म्हणाले.

मी जीव खाऊन जीप उचलायला गेलो. ती हलेना. पलीकडच्या खाचरात भाताची आवणी करणारं एक आदिवासी जोडपं धावत आलं. नवऱ्याने बांधावरचा लांब ओंडका ओढून आणला, तरफेसारखा जीपखाली घातला आणि दोघं त्याच्या दुसऱ्या टोकाला लोंबकळली. मी काकांचा हात बाहेर काढला. तीन बोटं नुसती कातड्याला लोंबत होती. त्या बाईने पदर फाडून हात घट्ट बांधला आणि कपाळावर हात मारून घेतला.

रस्त्यावर दुसरी गाडी नव्हती. चाक मलाच बसवावं लागणार होतं. मोरीच्या कठड्याला टेकून, डोळे मिटून काका सांगू लागले.

"पयले दगड. पुढच्या दोन्ही चाकांना."

त्या माणसाने कठड्याचे खिळखिळे दगड उपसून आणून लावले.

"जॅकखाली फळी घाला. चिखलात जॅक रुततो. हात गाडीखाली घालू नका. नट बोटांनी लावा, चाक खाली टेकला का मंग पान्यानं आवळा. समोरासमोरचे."

एक नट दोनदा माझ्या हातून चिखलात पडला. काका मधूनच गप्प व्हायचे. मग ती बाई त्यांना हलवायची, "बाबा, बोल. बोलत रहा."

गाडी मला धड चालवता येत नव्हती. दुसऱ्या गिअरमध्येच मी पालघर गाठलं. डॉक्टरांना बोटं वाचवता आली नाहीत. त्या संध्याकाळी मी स्टेशनकडे फिरकलोही नाही. दोन दिवसांनी घरी पोचलो, तेव्हा आई उशीला टेकून पेज पीत होती.

परत आल्यावर ठेकेदाराने अपघाताचा अहवाल मागितला. तो मीच लिहिला. 'चिखलामुळे जॅक सरकला.' काकांना वाचून दाखवला. त्यांना सही येत होती, पण आता डाव्या हाताचा अंगठा लावावा लागला. अंगठा लावताना त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. खरं काय झालं, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही.

त्यांच्या जागी दुसरा ड्रायव्हर आला. दिवाळीनंतर मी एडवणला गेलो. काका ओट्यावर बसले होते. त्यांची बायको मला पाणी देऊन म्हणाली, "आता घास पन डाव्या हातानं घेतात. चार मानसांत जेवायला बसत नाय." माफी मागायची म्हणून मी गेलो होतो. तासभर बसलो, पावसापाण्याचं बोललो आणि उठलो.