झुंबरतात्यांचा अंगठा

पणदऱ्याचे झुंबरतात्या पायाच्या अंगठ्याची जखम धोतराआड झाकत, पण चोरून खाल्लेली काकवी काही झाकली जात नसे. मिशाच चुगली करत. सुप्याच्या माळावर मेंढरामागं फिरलेला हा काटकुळा गडी, शेतात ऊस आला तसा गुऱ्हाळावर बसून बसून पोटानं सुटला. शहाण्णव साली रक्तात साखर निघाली आणि अंगठ्याची जखम भरेना. तात्यांचं म्हणणं सरळ होतं: जखमेला ताकद पायजे, अन् ताकद काकवीत. त्यांच्या द्वारकाबाई गावभर सांगत, आमच्यात सध्या अंगठ्याला जेवणावळ चाललीय.

शेवटी बारामतीच्या डॉक्टर सुप्रियाबाईंनी बजावलं, असंच चाललं तर अंगठा काढावा लागेल. तात्यांचा चेहरा उतरला. मग बाईंनी समजावलं. पांढऱ्या पेशी नुसत्या रक्तात फिरत नाहीत, मांसात, चरबीतही मुक्काम ठोकतात. मेलेलं उचलायचं, जंतू हाकलायचे, आसपासच्या आधार देणाऱ्या पेशींना हाताशी धरून डागडुजी करायची, हे त्यांचं काम. पण चरबी फार फुगली की तिच्यातूनच ह्या पेशींना चिथावणी मिळते अन् त्या आपल्याच अंगावर उठतात, असं अलीकडं दिसू लागलंय. मग शरीर इन्सुलिनचं ऐकत नाही, साखर रक्तात तुंबते, आणि त्या साखरेनं राखणदार पेशीच सुस्तावतात.

तात्यांना मेंढरं राखणारी आपली कुत्री आठवली. माळावर असताना त्यांनी कुत्र्यांना कधी तडस लागेपर्यंत घातलं नव्हतं. जडावलेलं कुत्रं लांडगा आला तरी उठत नाही, अन् आपल्याच कोकरावर गुरगुरतं.

"म्हंजी बाई, माजी कुत्रीच बिघडल्यात."

"हो तात्या. आणि त्यांना काकवी तुम्हीच चारताय."

जखमेवर भार नको म्हणून त्या दिवसापासून तात्यांनी तो पाय खाली टेकवला नाही. सुया, मलमपट्टी, बाजरीची भाकरी, पालेभाजी, सगळं निमूट. गुऱ्हाळवाल्या बापूसाहेबांनी मुद्दाम काकवीचा तांब्या धाडला, वर निरोप की तात्या रुसले का काय. तात्यांनी तांब्या आणणाऱ्या पोराच्या हाती तो तसाच परत केला.

"सांग त्यांला, कुत्री राखणीला बसल्यात. आता चारायचं न्हाय."

हळूहळू जखम भरली, अंगठा शाबूत राहिला. पुढं पुतण्याच्या मेंढरामागं तात्या कन्हेरीपर्यंत चालू लागले. पोट उतरलं, साखरही.

आता एकच खोड उरलीय. जो अंगठा लोकांपासून लपवला, तोच येईल त्याला दाखवतात, डॉक्टरीणबाईंनी घालायला लावलेला बूट काढून. द्वारकाबाई म्हणतात, लेकीला बघायला पाहुणे आले, तर ह्यांनी लेकीच्या आधी अंगठा दाखवला. तरी सोयरीक जमली, हे विशेष.