थांबायची ओळ
परवा एका दुकानात जुना प्रिंटर करकरला, रिबनच्या शाईचा वास आला आणि मी थेट रत्नागिरीच्या बंदराजवळच्या बर्फाच्या कारखान्यात पोचलो. ऐंशीच्या दशकाची अखेर होती. ऑफिसच्या खिडकीतून सुक्या मासळीचा वास यायचा. संगणकाकडून प्रिंटरला तारेवरून एकेक अक्षर पाठवणारा छोटा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, मी लिहिला होता. प्रिंटर सावकाश छापायचा, म्हणून उरलेली अक्षरं मेमरीत रांगेत उभी असत. ती सगळी छापून होईपर्यंत प्रिंटरशी असलेली जोडणी बंद करू नये, नाहीतर रांगेतली अक्षरं पुसली जातील, यासाठी मी त्यात एक ओळ घातली होती. माझ्याच गावचा, माझ्याच डब्यातलं जेवणारा सहकारी म्हणाला, "कशाला रे ती? संगणक उगाच अडकून बसतो. साहेबाला वेग दिसायला हवा." त्यानं स्वतःच्या पेनानं प्रोग्रॅम छापलेल्या माझ्या कागदावरची ती ओळ खोडली, आणि मी ती प्रोग्रॅममधूनही काढली. दुपारी मुंबईहून साहेब आले. बर्फ नेणाऱ्या होड्यांची यादी छापायला घेतली. काम झाल्याचं स्क्रीनवर उमटलं, पण शेवटच्या चार होड्या कागदावर आल्याच नाहीत. मी तोंड उघडायच्या आत तो साहेबांना हसत म्हणाला, "मी बोललो होतो ह्याला, छापून होईपर्यंत थांबायला हवं. ऐकतोय कुठं!" महिनाअखेरीला माझी नोकरी गेली आणि माझी खुर्ची त्याला मिळाली. त्यानं खोडलेला तो कागद तेव्हा माझ्या खिशातच होता. मी तो बाहेर काढला नाही, आणि आज त्याच्यापेक्षा जास्त संताप मला स्वतःचाच येतो.