पाळणाघरातलं दुसरं नाव

“तपासणीच्या बाईंनी मागनं हाक मारली आणि आप्पा वळलं न्हाईत, ह्यात माझा काय दोष?” रक्षा चिडून आईला म्हणाली.

“त्यांना ऐकू येत न्हाय, हे तूच सांगितलंस की! तोंड शिवून बसली असतीस तर काय बिघडलं असतं?”

“आणि एखादं पोर न्हाणीत पडलं असतं म्हणजे? रडल्यालं कळलं असतं व्हय त्यांना?”

 आईच्या, म्हणजे ताराबाईच्या, सीमाभागातल्या वडगावातल्या पाळणाघरात, कामावरून उशिरा सुटणाऱ्या बायकांची सात पोरं संध्याकाळी सहा ते नऊ असायची. त्या वेळेसाठी सरकार आता जादा मानधन देणार होतं. मात्र नावं नोंदवलेली दोन माणसं हवीत, तिसऱ्यानं खोलीत थांबायचं नाही, अशी अट होती. दुसरं नाव तिनं नवऱ्याचं, नागोजीचं दिलं होतं. तीस वर्षं यंत्रमागाच्या खडखडाटात काढून त्याचे कान गेले होते. पण पोरं झोपायची ती त्याच्याच मांडीवर. कितीही किंचाळली तरी तो कधी वैतागत नसे.

आत्ताही एक मांडीवर होतंच. माय-लेकींची तोंडं बघून त्यानं दुसरं नाव बदला असं सांगणारा तपासणीचा कन्नड कागद ओढून घेतला आणि बोट फिरवत शेवटपर्यंत वाचला. मग झोपलेलं पोर ताराबाईच्या हातात दिलं आणि नेहमीच्या चढ्या आवाजात म्हणाला, “रक्षाचं नाव घाला. उद्यापासनं सहाला मी देवळात जाऊन बसणार. नऊला येतो.”