गोड्या पाण्यात चाके

आमच्या गावच्या सगळ्या विहिरी खाऱ्या. त्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि आंघोळ केली तर अंगावर पांढरी पूड राहते. पिण्यासारखे पाणी एकाच ठिकाणी, गावाखालच्या नाल्यातल्या डोहात. खडकातून झरा येत असल्यामुळे तो उन्हाळ्यातही आटत नाही. सारे गाव तिथून गुंड-हंडे भरून नेते, आणि माझा काठावरचा भाजीचा मळाही त्याच पाण्यावर आहे. सडकेच्या भानगडीत मी पडलो तो या डोहासाठी, हौस म्हणून नाही.

हा नाला म्हणजे जिल्ह्याची शीव. अलीकडचा काठ अमरावतीत, पलीकडचा अकोल्यात. मूर्तिजापूरच्या सरकी काढायच्या जीनला कापसाच्या बैलबंड्या सरळ जाव्यात म्हणून पक्की सडक करायचे ठरले आणि दोन्हीकडच्या लोकांनी आपापल्या टोकाकडून काम सुरू केले. मुरूम पडला, गिट्टी पडली, रूळ फिरला. काम चांगले झाले, हे मी नाकारत नाही. फक्त आमची सडक काठावर जिथे येऊन थांबली, तिच्या समोर त्यांची सडक नव्हती. ती पासष्ट हात खालच्या अंगाला होती. मी दोनदा मोजले, कारण पहिल्या वेळी माझा माझ्यावरच विश्वास बसला नाही. आणि त्या पासष्ट हातांच्या मधोमध डोह.

पुढचे सांगायला नको. बंडी आमच्या काठावरून उतरायची, डोह ढवळत पुढे जायची आणि त्यांच्या काठावर चढायची. कापसाच्या दिवसांत सकाळपासून रांग. एका बंडीचा गाळ खाली बसायच्या आत दुसरी हजर. बायका रिकामे गुंड कमरेवर घेऊन ताटकळत.

आमच्या बाजूचा ओव्हरसियर सायकलवर यायचा. त्याला गाठले.

"नाला माझ्या हद्दीत नाही," तो म्हणाला.

"मग कोणाच्या?"

"पलीकडच्या."

पलीकडच्याला गाठले. तो वयाने लहान होता, बोलायला गोड. "काका, आमची हद्द आमच्या काठावर संपते."

"म्हणजे मधला नाला कोणाचाच नाही?"

"पूर आला की दोघांचाही," तो म्हणाला आणि स्वतःच हसला. मला हसू आले नाही.

अर्ज केला. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडल्यापासून आमचा प्रत्येक कागद नागपूर पाहून येतो, तसा हाही गेला. परत आला तेव्हा पुढच्या सालची पिके निघाली होती. उत्तर असे की, दोन्ही बाजूंनी एकमेकांशी विचारविनिमय करावा. मी ते घरी वाचून दाखवले. चुलीपाशी बसलेली बायको म्हणाली, "तुमच्या अर्जानं पानी निवळत असन त टाका थो गुंडात."

त्यानंतर अर्ज बंद. हिशेब सोपा होता. दोन सडका समोरासमोर आणायच्या तर त्यांच्या उतारासमोर आमच्या काठाला उतार पाहिजे, आणि तिथे माझा मळा होता. आमच्या सडकेपासून तिथवरची पट्टी मी सोडली. त्यात वांग्याच्या चार ओळी गेल्या, फळाला आलेल्या. शेजारचे दोघे फावडी घेऊन आले, आम्ही काठ फोडला, उतार केला, त्यावर मुरूम टाकला. सरकारला दीडदमडीचा खर्च नाही. डोह आता वर सुरक्षित राहणार, असे मला वाटले.

दुसऱ्या दिवशी पहिली बंडी नव्या उताराने खाली आली. तळाशी पोचली, वळली, नाल्यातून वरच्या अंगाला गेली आणि डोहात जाऊन उभी राहिली.

मी मळ्यातून ओरडतच धावलो. "अबे, नवा उतार दिसत नाही का तुले? वांगी गेली ना माझी त्यापायी!"

"दिसते ना, माळीबुवा. मस्त उतार केला तुमी." गाडीवान खाली उतरून विडी पेटवत होता.

"मग डोहात काऊन घुसला?"

"इकडं या. हे पाहा." त्याने चाकाला लाथ मारली. चाकावरची लोखंडी धाव हातातल्या सैल बांगडीसारखी खुळखुळली. "पयले मातीच्या वाटेनं चाक मऊ चाले. आता तुमच्या गिट्टीवर दिवसभर ठणठण, ठणठण. लाकूड सुकते, धाव निसटते. इथं घटकाभर भिजवली नाही त मूर्तिजापूर येऊस्तोर चाक माह्या आंगावर येईन."

"मग सडक झाली नसती तर बरं होतं, असं म्हण ना!"

"थे मी कुठं म्हनलो? सडक चांगलीच हाय. चाकाले पानी पायजे, एवढंच."

आता रागवायचे कोणावर? सडक व्हावी म्हणून गावाने दहा वर्षे घसा कोरडा केला होता. ती झाली आणि तिनेच डोह नासवला, तोही वाकडी झाली म्हणून नाही, तर पक्की झाली म्हणून. साहेबांनी सडक सरळ नेली असती तरी बंड्या डोहातच शिरल्या असत्या. मला ते जास्त झोंबले.

पण चाकाला गोडे पाणीच पाहिजे असे थोडेच आहे? मळ्याच्या वरच्या कोपऱ्यात, सडकेला लागून, माझी खारी विहीर पडून होती. तिच्याजवळ दोन चर खणले, बंडीच्या दोन चाकांत जेवढे अंतर तेवढ्या अंतरावर, एका बाजूने बंडी उतरावी, दुसऱ्या बाजूने निघावी असे. तळाशी दगड बसवले आणि मोट लावून भरले.

पहिल्याच गाडीवानाची तक्रार. "पानी खारं हाय हो, बैल तोंड लावत नाही."

"बैलाले खाली नाल्याच्या धारेवर पाज. इथं चाकाले पाजायचं. चाक कुरकुर करत असन त सांग."

मागचे गाडीवान हसले. बंड्या चरात उभ्या राहू लागल्या. आठवड्यात डोहाचा तळ दिसू लागला.

मग आमचा ओव्हरसियर आला. नाला कोणाचा हे ज्याला वर्षभर सांगता आले नाही, त्याने माझ्या चरांसाठी मात्र साखळी आणली होती. मोजले. सडकेकडचा चर दीड हात सरकारी हद्दीत निघाला. मी स्वतः साखळीचे टोक धरून पाहिले. खरेच दीड हात.

"बुजवा," तो म्हणाला, आणि चर बुजेपर्यंत उभा राहून गेला.

दोन्ही चर दीड हात आत घेऊन पुन्हा खणायला घेतले. मधल्या काळात बंड्या डोहाकडे वळल्या. पण आता बायको आणि गल्लीतल्या पाच-सहा जणी डोहाच्या तोंडाशी आडव्या उभ्या होत्या. "घाला बंडी," बायको म्हणत होती, "आमच्या आंगावरून घाला अन् जा जीनले." कोणी घातली नाही. बंड्या सडकेवर खोळंबल्या, आणि शिव्या मला ऐकाव्या लागल्या.

मी खुंट्या ठोकून पुन्हा तपासत होतो. या वेळी बोटभरही चूक राहू द्यायची नव्हती. तेवढ्यात एका गाडीवानाने माझ्या हातातून कुदळ काढून घेतली.

"सरका, बुवा. तुमचं मोजनं होईस्तोर माही धाव अकोल्याले पोचन."

तो खणू लागला तसे मागचे तिघे उतरले. मी खुंट्यांपाशी उभा राहिलो आणि त्यांना रेषेबाहेर जाऊ दिले नाही. दिवस मावळायच्या आत चर झाले. बायका डोहावरून हटल्या, त्या आधी आपापले गुंड भरून घेऊनच.