कमानीसाठी तोडलेले गुलमोहर

मंडळी, डोकं लई तापलंय, म्हणून आजचं आजच सांगून टाकतो.

आमच्या चौसाळ्याच्या रस्त्याला मी गुलमोहर लावलेते. उन्हाळ्यात घागरीनं पाणी घातलं, शेळ्यांनी खाऊ नयेत म्हणून बाभळीच्या काट्यांचं कुंपण केलं. औंदा पहिल्यांदाच फुलं आली. ती बघायला तहसीलदारसाहेब येणार, असा निरोप आला.

आज सकाळी जाऊन बघतो तर झाडांचे नुसते सोटे उभे! फांद्या सगळ्या वेशीवरच्या स्वागताच्या कमानीला बांधलेल्या.

मी पाटलांना म्हणलं, "आवो, साहेब ही झाडंच तर बघायला येतायत!"

"मग काय बिगर फुलाची कमान बांधावी? निजाम सरकारचा माणूस हाय त्यो."

साहेब आले, कमानीखालून गेले आणि मलाच विचारलं, "वो गुलमोहर किधर हैं?"

मी मागं वळून कमानीकडं बोट केलं. साहेब खूश! त्यांनी पाटलांची पाठ थोपटली.

जाताना पाटील मला म्हणतात, "पुढल्या साली अजून झाडं लाव. कमान मोठी करू."

शेळ्या काट्यांना भितात हो. पाटलांना कशाचं कुंपण घालू, तुमीच सांगा!