चालायलंय म्हणजे सुधरलं नाय

बंद पडलेला लॅपटॉप समोर आला की पिक्चरकाका आधी त्यावर तिरका टॉर्च मारायचे. भर दुपारी, दारातून ऊन आत येत असतानाही. नाक टेबलाला टेकेल इतकं खाली वाकून ते त्या काळ्या स्क्रीनमध्ये काहीतरी शोधायचे आणि दोनपैकी एक निकाल द्यायचे. "पिक्चर हाय, उजेड नाय," म्हणजे चित्र येतंय, मागचा दिवा गेलाय. "उजेड हाय, पिक्चर नाय," म्हणजे दुखणं आतलं, ड्रायव्हरचं. गिऱ्हाइकाला नमस्कार त्यानंतर.

'पिक्चर' हा शब्द त्यांच्या टीव्ही दुरुस्तीच्या दिवसांतला. जाड काचेचे टीव्ही संपले तेव्हा त्यांची पन्नाशी उलटली होती. बरोबरचे मेकॅनिक घरी बसले, कोणी रिक्षा घेतली. काका लिनक्स शिकले. इंग्रजी कच्चं होतं, पण स्क्रीनवर आलेली चूक ते अक्षरन् अक्षर वहीत उतरवून घ्यायचे आणि टाऊन हॉलजवळच्या घरी बसून तिचा अर्थ लावायचे.

माझं पैठण गेटला जुन्या लॅपटॉपचं दुकान आहे. खुलताबादहून आलो तेव्हा फुटपाथवर रिमोटची कव्हरं विकायचो. आज वाळूजच्या कंपन्या जुना माल काढतात तेव्हा पहिला फोन मला करतात. हे कुणाच्या उपकारानं झालेलं नाही. भाव करण्यात मला कोणी हरवलेलं नाही आणि भांडणात तर नाहीच. लॅपटॉपवर मी विंडोजऐवजी लिनक्स टाकून विकतो, कारण ते फुकट आहे. त्रास एकच, अपडेट आलं की एखादी स्क्रीन काळी पडते. त्यासाठीच काकांना मी दुकानात आणून बसवलं होतं. ते मला 'शेठ' म्हणायचे. त्यात मान किती आणि टोमणा किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

"दिसायलंय ते सांग, वाटायलंय ते सांगू नको." हे ते दिवसातून दहा वेळा म्हणायचे. एकदा वेरूळच्या एक शिक्षिका आल्या आणि म्हणाल्या, "काका, व्हायरस शिरलाय."

"तुम्ही बघितला व्हय शिरताना?"

"नाही, पण वाटतंय तसं."

"बाई, तुमच्या वर्गात पोरगं रडालं तर तुम्ही आधी काय विचारता? कुठं लागलं. मीबी तेच विचारालो. काय दिसायलंय?"

बाईंनी सांगितलं. काळ्या स्क्रीनवर डाव्या कोपऱ्यात एक रेघ लुकलुकते. कुणी पत्ता नीट सांगितल्यावर उजळावा तसा काकांचा चेहरा उजळला. "आता बोललात!"

ड्रायव्हर म्हणजे काय, हे मला त्यांनीच समजावलं. "पिक्चर काढणाऱ्या ग्राफिक्स कार्डाची बोली येगळी, लिनक्सची येगळी. मधी दुभाषी लागतो, त्यो ड्रायव्हर. अपडेटनं लिनक्सची बोली बदलली अन् दुभाषी जुनाच राहिला, की दोघं मुके." त्यावर एक तात्पुरता इलाज असतो. मशीन सुरू होताना एका ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' असं लिहायचं. मग लिनक्स दुभाष्याला हाकलून खाणाखुणांवर काम भागवतं. चित्र येतं, पण जड, मंद. उजेड कमी-जास्त होत नाही, प्रोजेक्टर लागत नाही. काका फक्त मशीनच्या आत शिरण्यापुरतं ते वापरायचे आणि काम झालं की पुसून टाकायचे. मी एकदा म्हणालो, "राहू द्या की, चालतंय ना?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "शेठ, चालायलंय म्हणजे सुधरलं नाय."

मी त्यांच्याशीही घासाघीस करायचो, वेळेची. ते तीन दिवस म्हणाले की मी एक म्हणायचो. ते मशीन माझ्याकडं सरकवायचे. "ह्याच्याशी कर भाव. ह्यानं कमी केलं तर मीबी करतो."

कन्नडकडच्या एका शिक्षणसंस्थेला पंचवीस लॅपटॉप द्यायचे होते. एवढा मोठा सौदा तोवर मी केला नव्हता आणि तो मिळवायला सहा महिने त्यांच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. द्यायच्या आदल्या दिवशी अपडेट आलं आणि पंचवीसच्या पंचवीस स्क्रीन काळ्या झाल्या. काकांनी चार दिवस मागितले. चार दिवस माझ्याकडं नव्हते. मी स्वतः बसून सगळ्यांवर नोमोडसेट मारलं. काका म्हणाले, "हे देऊ नको." मी म्हणालो, "दिलं की मागाहून जाऊन नीट करू." सकाळी जीपमध्ये माल भरला, काकांनाही बसवलं.

प्राचार्यांनी एकेक मशीन लावून बघितलं. चित्र होतं. ते खूश झाले आणि उगाच, निव्वळ बोलायचं म्हणून काकांना म्हणाले, "काय काका, सगळं व्यवस्थित ना?"

काका म्हणाले, "चालायलंय. सुधरलं नाय. प्रोजेक्टर लावून बघा."

प्रोजेक्टर लावला. भिंत कोरी राहिली. पंचवीस लॅपटॉप त्याच जीपमधून परत आले.

वेरूळ फाट्यावर मी जीप थांबवली आणि म्हणालो, "उतरा." ते उतरले. टॉर्चची पिशवी खांद्याला लावली, रस्ता ओलांडून एसटीच्या थांब्याकडं गेले. चैत्राचं ऊन होतं. थांब्याला पत्रा नव्हता.

माझा राग लोकांना चुकीचा वाटेल, पण तो अजून गेलेला नाही. खरं बोलायला माझी ना नव्हती. पण माझं मीठ खाल्लेल्या माणसानं ते गिऱ्हाइकासमोर बोलावं? आदल्या दिवशी सांगितलं होतं, हे खरं. मी ऐकलं नाही तर पुन्हा सांगायचं, ओरडायचं, भांडायचं. मी भांडणाराच माणूस आहे, मला भांडण कळतं. दुसऱ्या दिवसापासून ते दुकानात आले नाहीत. ते येऊन माफी मागतील म्हणून मी थांबलो. दोन वर्षं थांबलो. टाऊन हॉलवरून गाडी रोज जायची, त्यांच्या गल्लीशी मी उजवीकडं बघायचो नाही.

मग मुलीचं काम अडलं. ती आर्किटेक्चरला आहे, वर्षभराचा प्रकल्प दुपारी चारला दाखवायचा होता, आणि सकाळी अपडेटनं स्क्रीन काळी केली. मी नोमोडसेट मारलं, चित्र आलं, पण तिचं ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर उघडेना. माझ्या दुकानातल्या दोघांनी हात टेकले. पोरगी रडायला लागली. म्हणाली, "पप्पा, काकांना लावा ना फोन." मी लावला. त्यांनी दुसऱ्या रिंगला उचलला.

"बोला शेठ."

जणू कालच भेटलो होतो. मी घाईघाईनं सांगायला लागलो, हे बिघडलं असेल, ते उडालं असेल.

"दिसायलंय ते सांग. आधी काय केलंस?"

"नोमोडसेट."

"ते काढ आधी."

काढलं. स्क्रीन पुन्हा काळी, कोपऱ्यात रेघ. "आता कंट्रोल, आल्ट अन् एफ तीन." अक्षरं आली. "पासवर्ड टाक. टाकताना दिसणार नाय. दिसत नाय म्हणून घाबरू नको, आत चाललाय त्यो." तास-सव्वा तास ते एकेक अक्षर सांगत होते आणि मी दाबत होतो. अर्धवट बसलेला ड्रायव्हर काढला, नव्या लिनक्सला जुळणारा घातला. मधेच त्यांच्याकडं काहीतरी टीं टीं वाजायचं, कोणी बाई काही विचारायची, आणि ते म्हणायचे, "थांब जरा." मी विचारलं, "काय वाजतंय?"

"मशीन हाय एक. तू दाब."

लॅपटॉप परत सुरू झाला. ड्रॉइंग उघडलं. पोरगी ओरडली. मला माफी मागायची सवय नाही, आणि ते मागतील हेही आता शक्य दिसत नव्हतं. म्हणून विचारलं, "तब्येत कशी आहे काका?"

"चालायलंय," ते म्हणाले.

मी "बरं, बरं" म्हणून फोन ठेवला.

महिन्यानं काकूंचा फोन आला. काकांच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. त्या दिवशी ते टीं टीं करणारं मशीन तेच होतं. एक हात त्याला जोडलेला आणि दुसऱ्या हातात फोन. म्हणजे त्यांनी मला सांगितलं होतं. त्यांच्याच शब्दात, जसं प्राचार्यांना सांगितलं तसं. त्या शब्दाचा अर्थ ज्या माणसाला उभ्या शहरात सगळ्यात चांगला ठाऊक होता, त्यालाच सांगितलं होतं. आणि मी "बरं, बरं" म्हणालो.

दवाखान्यात गेलो. कॉटवर अर्धेच काका उरले होते. त्यांनी विचारलं, "कसा दिसायलोय रे?"

"मस्त," मी म्हणालो. "पंधरा दिवसांत दुकानात बसाल."

ते हसले. हसताना दम लागला. "मलाच नोमोडसेट मारालास व्हय, शेठ?" मग टॉर्च मारताना बघायचे तसं माझ्याकडं बघत म्हणाले, "दिसायलंय ते सांग."

मी खुर्ची जवळ ओढली. "पाय सुजलेत. तोंड पिवळं पडलंय. हातावर सुयांची काळी गाठ आलीय. बोलताना दम लागतोय."

"हां," ते म्हणाले. "अजून?"

"वेरूळ फाट्यावर मी तुम्हाला उतरवलं."

"हां. उन्हात."

"उन्हात."

त्यांनी मान हलवली, वहीत एक ओळ लिहून झाल्यावर हलवायचे तशी. काकूंनी चहा आणला, तो मी एकट्यानंच प्यालो. त्यांना पाणीसुद्धा मोजून होतं. नवव्या दिवशी ते गेले.

परवा कन्नडचे ते प्राचार्य दुकानात आले. जुनं काही मनात न ठेवता हसले, म्हणाले, "काय शेठ, कसं काय?"

"चालायलंय," मी म्हणालो.

"वा, वा," ते म्हणाले, आणि लॅपटॉप बघायला लागले.